तांदळातले नाव आणि कागदावरचे नाव

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारच्या मदतीने होणारी ऑनलाइन ओळखपडताळणी, बंधनकारक झाली. त्यानंतर नाशिकमध्ये फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांसमोर उभे राहिले की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू यायचा : "दादा, आधारवर माहेरचं नाव आहे आणि पासबुकावर सासरचं. आता कसं करायचं?" या योजनेचे दरमहा १,५०० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात आणि ई-केवायसी करताना पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही द्यावा लागतो. त्यामुळे वर्षानुवर्षे कपाटात निवांत पडून असलेली ही तफावत एकाच वेळी हजारो घरांत वर आली. लग्नानंतर आडनाव बदलणे ही आपल्याकडे इतकी रुळलेली गोष्ट आहे, की तिच्यामागे नेमका कोणता कायदा आहे, हे विचारावेसेही फारसे कुणाला वाटत नाही. तेच येथे क्रमाने पाहू.

नाव नेमके केव्हा बदलते?

माझ्या भाचीच्या लग्नात गृहप्रवेशानंतर देवघरासमोर पाट मांडले, पितळी तबकात तांदूळ पसरले आणि नवऱ्या मुलाने सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात तिचे नवे नाव लिहिले. लिहिताना काही दाणे तबकाबाहेर सांडले, ते आजेसासूबाईंनी एकेक करून वेचले आणि परत आत टाकले. पेढे वाटले गेले. नाव बदलले, असे त्या खोलीतल्या प्रत्येकाला मनापासून वाटत होते. सहा महिन्यांनी गृहकर्जासाठी तिची फाइल उघडली, तेव्हा दहावीची गुणपत्रिका, पॅन आणि पगाराचे खाते माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि लग्नानंतर उघडलेले संयुक्त खाते तिसऱ्याच पद्धतीने, म्हणजे दोन्ही आडनावे जोडून, असे निघाले. बँकेने फाइल परत पाठवली.

लग्नाने नाव बदलत नाही. नाव बदलते ते अर्जाने, आणि तेही ज्या कार्यालयात अर्ज केला तेवढ्याच कार्यालयाच्या दप्तरी. सगळ्या नागरिकांची नावे एकत्र नोंदवणारी एकच वही आपल्या देशात नाही. आधारची नोंद वेगळी, पॅनची वेगळी, मतदारयादीची वेगळी. नाशिक जिल्ह्यातल्या कुणाही शेतकऱ्याला हे एका शब्दात समजेल : फेरफार. जमिनीचे खरेदीखत झाले तरी सातबाऱ्यावर नवे नाव फेरफार नोंद मंजूर झाल्यावरच लागते, आणि त्या फेरफाराचा क्रमांक टिकून राहतो म्हणूनच जुन्या मालकापासून आजच्या मालकापर्यंतची साखळी कुणालाही वाचता येते. बाईच्या नावालाही असाच फेरफार लागतो. जुने नाव आणि नवे नाव एकाच व्यक्तीची आहेत, हे सांगणारा कागद लागतो.

मराठी नावात हा बदल किती खोल असतो, तेही पाहण्यासारखे आहे. आपले नाव तीन कप्प्यांचे : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. लग्नानंतर शेवटचे दोन कप्पे तर बदलतातच, पण पूर्वी पहिलाही बदलत असे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले लग्नानंतर लक्ष्मीबाई टिळक झाल्या आणि मराठी वाचक त्यांना याच नावाने ओळखतात. जन्मापासूनच्या नावातले एक अक्षरही उरले नाही. त्या काळी बाईच्या नावावर ना पदवी होती, ना खाते, ना मालमत्ता. म्हणून या बदलाची किंमत कागदावर दिसत नव्हती. आज पंचवीस-सव्वीसाव्या वर्षी लग्न करणाऱ्या मुलीच्या मागे वीस वर्षांची कागदपत्रे असतात.

कायद्याने बदलावेच लागते, असे नाही का?

नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ किंवा विशेष विवाह अधिनियम, १९५४ यांपैकी कुठल्याही कायद्यात पत्नीने पतीचे आडनाव घ्यावे असे कलम नाही. आडनाव बदलणे ही प्रथा आहे. ती पाळावी, न पाळावी किंवा अर्धी पाळावी, हे त्या स्त्रीने ठरवायचे आहे. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही, असे पंतप्रधानांनी १३ एप्रिल २०१७ रोजी जाहीरपणे सांगितले होते. पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. त्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आई, वडील आणि पती किंवा पत्नी यांच्या नावांसाठी स्वतंत्र जागा असते. पतीचे नाव तेथे येते; त्यासाठी स्वतःचे नाव बदलावे लागत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०२४ च्या निर्णयाचा दाखला येथे अनेक जण देतात, म्हणून तो नीट वाचायला हवा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावे, हा त्याचा मुख्य भाग आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही प्रचलित पद्धत त्यात चालू ठेवली असून मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा दिली आहे. ही नोंदीची कार्यपद्धती आहे. तिने कुणाही स्त्रीवर आडनाव बदलण्याची सक्ती केलेली नाही. तरीही आईच्या नावाला मान देणाऱ्या त्याच निर्णयात विवाहितेची ओळख मात्र जुन्याच चौकटीत ठेवली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फेरफाराचे दोन कागद

जुन्या आणि नव्या नावाला जोडणारा पहिला कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली ही नोंदणी होते. नाशिक शहरात ती महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात करतात आणि गावात ग्रामपंचायतीत. लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे व पत्त्याचे पुरावे, छायाचित्रे, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार एवढी तयारी लागते. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत अर्ज केला तर विलंबाचे शुल्क पडत नाही. आडनाव बदलायचे असो वा नसो, ही नोंदणी करावीच, असे माझे ठाम मत आहे. या प्रमाणपत्रावर वधूचे लग्नापूर्वीचे पूर्ण नाव आणि वराचे पूर्ण नाव शेजारी शेजारी असते, आणि सगळ्या पुढच्या कामांचा धागा तोच आहे. भटजींचे पत्र किंवा मंगल कार्यालयाची पावती हे काम करू शकत नाही.

दुसरा कागद म्हणजे राजपत्र, ज्याला आपण गॅझेट म्हणतो. शासनाची अधिकृत प्रसिद्धिपत्रिका एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जुने नाव आणि नवे नाव छापून येते आणि त्यासाठीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. विवाह प्रमाणपत्र पुरेसे असताना राजपत्र कशाला, असे कुणी विचारील. नुसते पतीचे नाव आणि आडनाव घ्यायचे असेल तर बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्रावर काम होते. पण पहिले नावही बदलले असेल, दोन्ही आडनावे जोडून लिहायची असतील किंवा नावाचे स्पेलिंगच वेगळे हवे असेल, तर ते नवे नाव विवाह प्रमाणपत्रावर कुठेच नसते. तेथे राजपत्रच लागते. भाचीच्या जोडआडनावाचा गुंता यातूनच झाला होता.

आधी कोणता कागद बदलायचा?

बदल करायचे ठरले असेल तर सुरुवात आधारपासून करावी, कारण पुढची बहुतेक कार्यालये आधारवरचे नाव पाहतात. पण घाई नको. आधारवरील नाव आयुष्यात सर्वसाधारणपणे दोनदाच बदलता येते. लग्नाच्या गडबडीत एकदा बदलले, स्पेलिंग चुकले म्हणून पुन्हा बदलले, की ही मर्यादा संपते आणि मग तिसऱ्या वेळी वरच्या कार्यालयाकडे विशेष विनंती करत बसावे लागते. केंद्रावर ऑपरेटर पडद्यावर जे टाइप करतो ते मराठी आणि इंग्रजी दोन्हींत स्वतः वाचावे. मराठीतले 'दीपाली' इंग्रजीत दोन प्रकारे लिहिले जाते, आणि संगणकाला ती दोन वेगळी माणसे वाटतात.

त्यानंतर पॅन. आधार आणि पॅन यांची जोडणी कायद्याने आवश्यक असल्यामुळे दोन्हींवरचे नाव जुळले पाहिजे. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे : लग्नानंतर नवे पॅन काढावे लागते. तसे मुळीच नाही. मोबाईलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, तसा पॅनचा क्रमांक आयुष्यभर एकच राहतो. फक्त नोंदीतले नाव दुरुस्त होते. दोन पॅन बाळगणे हा दंडनीय प्रकार आहे. पॅनच्या अर्जात विवाहित स्त्रीलाही वडिलांचेच नाव विचारले जाते. पतीच्या नावासाठी त्यात रकाना नाही. आई एकटी पालक असेल तर वडिलांऐवजी आईचे नाव देता येते. आयकर खात्याच्या लेखी बाई सासरची झाली तरी वडिलांची लेक राहते, हे मला नेहमी छान वाटते.

मग बँक. आधार आणि पॅन बदलून झाले असेल तर येथे अडचण येत नाही. पण ज्यांनी अजून काहीच बदललेले नाही त्यांनाही एक नियम ठाऊक असावा. ओळखपडताळणीच्या केंद्रीय नियमांनुसार, ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदलले असेल तर जुन्या नावाचे ओळखपत्र आणि सोबत राज्य शासनाने दिलेले विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील सूचना, एवढ्यावर ते ओळखपत्र वैध धरले जाते. "आधी आधार बदलून आणा, मगच या" असे काउंटरवर सांगितले गेले तर या नियमाचा नम्रपणे उल्लेख करावा. मतदारयादीतील दुरुस्तीसाठी नमुना ८ भरायचा असतो. नोकरी असेल तर भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरचे नावही तेव्हाच जुळवून घ्यावे. ते काम निवृत्तीच्या किंवा राजीनाम्याच्या वेळी निघाले की फार त्रास देते. पासपोर्टवर पुढचा प्रवास ठरलेला असेल तर तिकीट ज्या नावाने काढले आहे तेच नाव परत येईपर्यंत राहू द्यावे.

जे कागद जुन्याच नावाने राहतात

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका लग्नामुळे बदलत नाहीत. परीक्षा दिली त्या दिवशी जे नाव होते त्याची ती नोंद आहे, आणि ती तशीच राहणे योग्य आहे. पुढे शिक्षण चालू ठेवायचे असेल, मग ते मुक्त विद्यापीठात असो वा आरोग्य विज्ञान विद्यापीठात, प्रवेशाच्या वेळीच कोणते नाव लावायचे ते ठरवावे. अर्धी पदवी एका नावाने आणि उरलेली दुसऱ्या नावाने झाली तर नोकरीच्या प्रत्येक अर्जासोबत विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडत राहावे लागते.

जातीच्या दाखल्याबद्दल तर अधिकच स्पष्ट असायला हवे. जात जन्माने ठरते आणि लग्नाने बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येही सांगितलेले आहे. त्यामुळे विवाहित स्त्रीचा जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र माहेरच्या, म्हणजे वडिलांकडच्या पुराव्यांवरच मिळते. सासरच्या आडनावाने अर्ज करून, सासऱ्यांचे पुरावे जोडून काही उपयोग होत नाही. राखीव जागेवर निवडणूक लढवणाऱ्या किंवा नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या स्त्रियांची धावपळ बहुधा येथेच होते : दाखला एका नावाचा, मतदारयादीतले नाव दुसरे. तेथेही धागा तोच, विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र.

नाव बदलले नाही तर सासरचे हक्क जातात का?

ही भीती मी अनेक घरांत ऐकली आहे, विशेषतः मुलीच्या आईच्या तोंडून. पत्नी म्हणून मिळणारे हक्क लग्नाच्या नात्यातून येतात. पोटगी असो, पतीच्या मागे त्याच्या मालमत्तेतला वाटा असो, की कुटुंबनिवृत्तिवेतन असो, पाहिले जाते ते लग्न झाले आहे का हे. ते सिद्ध करते विवाह नोंदणी. आडनाव एक असून नोंदणी नसलेली स्त्री, आडनाव वेगळे पण नोंदणी झालेल्या स्त्रीपेक्षा अधिक अडचणीत येते.

उलट बाजूनेही तेच. सासरचे आडनाव लावले म्हणून माहेरचा वारसाहक्क संपत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला जन्मतःच मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला आहे, आणि ती विवाहित असली तरी तो वाटा राहतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची वाटणी होताना 'आता तिचे नाव आपले राहिले नाही' असे बोलले जाते. कायद्याला त्या वाक्याशी काही देणेघेणे नाही. वारस नोंदीच्या वेळी मात्र तिचे आजचे नाव आणि वडिलांच्या घरचे नाव दोन्ही नोंदीत यावे, एवढे तिने पाहावे.

एका घरात दोन आडनावे कशी चालतील?

हा आक्षेप कायद्याचा नाही, मनाचा आहे, म्हणून त्याला उडवून लावू नये. घर एक असावे ही इच्छा चांगलीच आहे. पण जपान वगळता जवळपास कुठल्याही देशाचा कायदा आज पती-पत्नींना एकच आडनाव घ्यायला लावत नाही; जपानमध्ये ही सक्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि २०२१ मध्ये कायम ठेवली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९८१ पासून याच्या अगदी उलट नियम आहे : लग्नामुळे स्त्रीचे नाव कायद्याने बदलतच नाही. तेथेही संसार होतात, मुले शाळेत जातात. आपल्याकडे मुलाच्या शाळेत आईचे आडनाव वेगळे दिसले तर जन्माचा दाखला दाखवला की प्रश्न मिटतो. त्यासाठी प्रसूतीच्या वेळी रुग्णालयाच्या अर्जात आईचे नाव आधारवर असेल अगदी तसेच लिहिले जाईल, याची खबरदारी घ्यावी. त्या घाईत नातेवाईक सवयीने सासरचे नाव सांगतात आणि मग बाळाच्या दाखल्यावरची आई आणि आधारवरची आई दोन वेगळ्या बायका होऊन बसतात.

ज्यांना पतीचे आडनाव आवडते, घ्यावेसे वाटते, त्यांनी ते आनंदाने घ्यावे. त्यात काही कमीपणा नाही. माझे म्हणणे एवढेच, की ते तिला विचारून व्हावे, आणि झाले तर सगळ्या कागदांवर व्हावे. त्रास होतो तो अर्ध्या बदलाने.

पुन्हा माहेरचे नाव घ्यायचे असेल तर

घटस्फोटानंतर माहेरचे नाव घ्यायला न्यायालयाचा हुकूमनामा हाच आधाराचा कागद असतो. पण घटस्फोट झालेला नसतानाही कुणाला जुने नाव परत हवे असू शकते. केंद्र शासनाच्या राजपत्रासाठी २०२३ मध्ये निघालेल्या सूचनेत अशा स्त्रीकडून घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना-हरकत पत्र मागितले होते. नाव घ्यायला कुणाची परवानगी लागली नव्हती आणि सोडायला मात्र पतीची लागावी, हे एका महिलेला पटले नाही. तिने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्राला नोटीस बजावली. तिचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

गोंधळ आधीच झालेला असेल तर

पन्नाशीच्या पुढच्या बहुतेक स्त्रियांची अवस्था हीच आहे. लग्नाची नोंदणी नाही, शाळेचा दाखला माहेरचा, रेशनकार्ड सासरचे, आणि पहिले नावही दोन. अशांनी आधी लग्नाची नोंदणी करून घ्यावी; लग्नाला कितीही वर्षे झाली असली तरी विलंबाचे शुल्क भरून ती होते. त्यानंतर 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे' असे प्रतिज्ञापत्र करावे. नाशिकमध्ये सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परिसरात ही कामे रोज होतात. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणाच असे कुणी सांगितले तर ते कोणत्या कामासाठी, हे आधी विचारावे. प्रतिज्ञापत्र तात्पुरत्या कामाला पुरते. कायमचा उपाय राजपत्र.

आणि सही बदलायची का, हा प्रश्न शेवटी उरतोच. भाचीने सगळे पुन्हा माहेरच्या नावावर आणायचे ठरवले, तेव्हा बँकेत नमुना सहीच्या कार्डावर तिने आपली कॉलेजपासूनची सही केली. तिच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी स्वतःचे पासबुक पिशवीतून काढले आणि काउंटरवरच्या माणसाला विचारले, "माझ्या नावात माझ्या वडिलांचं नाव कुठं घालता येईल का?" त्याने त्यांनाही एक फॉर्म दिला.